मान कुणाचा, वहिवाट कुणाची

होळी पेटली की मढीची यात्रा सुरू होते, ती पाडव्यापर्यंत चालते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातलं हे गाव म्हणजे भटक्यांची पंढरी. गोपाळ, वैदू, कैकाडी, गोसावी अशा कितीतरी जमाती वर्षातून एकदा इथे एकत्र येतात. कानिफनाथांच्या समाधीला रेवड्यांचा प्रसाद चढतो, गाढवांचा बाजार भरतो, जातपंचायती बसायच्या त्याही इथेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये या गावच्या ग्रामसभेत ठराव झाला, की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. प्रशासनानं तो नियमबाह्य ठरवला, पण बातमी देशभर गेली होती.

पुढच्याच महिन्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातून त्याहून वाईट बातमी आली. गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावी ३० मार्चच्या पहाटे मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. दिवस पाडव्याचा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद होती. जीवितहानी झाली नाही. इमारतीचं नुकसान झालं, दोन तरुणांना अटक झाली.

अशा बातम्यांनंतर दोन ठरलेली भाषणं ऐकू येतात. एकात आपले पूर्वज किती गुण्यागोविंदानं नांदत होते याचं वर्णन असतं. दुसऱ्यात हे सगळं ढोंग होतं, आतून वैर कायमच होतं, असं ठासून सांगितलं जातं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत देशी-परदेशी अभ्यासकांनी बालाघाट, गर्भगिरी आणि गोदाकाठच्या या पट्ट्यावर जे काम केलं आहे, ते यातल्या कुठल्याच भाषणात नीट बसत नाही.

मढीपासूनच सुरुवात करू. गर्भगिरीच्या रांगेत मढीपासून जवळच, बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या सावरगावच्या हद्दीत, मायंबा आहे. ही मच्छिंद्रनाथांची समाधी. पाटोद्याकडे चिंचोलीला गहिनीनाथांचा गड आहे, तर बीडच्या बाजूला येवलवाडीला जालिंदरनाथ. नाथपंथाचा एवढा दाट वावर महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडतो. यातल्या बहुतेक नाथांना दुसरं नावही आहे. कानिफनाथ म्हणजे शाह रमजान माहीसवार, गहिनीनाथ म्हणजे गैबीपीर, जालिंदरनाथ म्हणजे जानपीर आणि मच्छिंद्रनाथ म्हणजे मायाबा. ही नावं केवळ मुजावरांच्या तोंडी आहेत असंही नाही. धुंडिसुत मालूंचा ‘नवनाथ भक्तिसार’ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, पूर्ण झाला. श्रावणात घरोघरी त्याचं पारायण होतं. त्याच्या अखेरच्या भागात जानपीर आणि गैबीपीर ही नावं आलेली आहेत. पोथी वाचणारा ती दरवर्षी उच्चारतो आणि पुढे जातो.

रा. चिं. ढेरे यांनी ‘नाथ संप्रदायाचा इतिहास’ लिहिला तो १९५९ मध्ये. पुढे ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात त्यांनी या गुंत्याचा दुसरा पदर उलगडला. ह्यू व्हॅन स्कायहॉक या अभ्यासकानं १९९३ मध्ये दख्खनच्या लोकसाहित्यातल्या पीर-नाथांच्या जोड्यांवर एक निबंध लिहिला आणि त्यात कानिफनाथही आले. या साऱ्या लेखनाचा रोख मिसळणीकडे होता. दोन परंपरा एकमेकींत कशा विरघळल्या, याचा हा शोध होता.

२००२ मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट हेडन यांनी याच मढीवर बोट ठेवून वेगळाच प्रश्न विचारला. ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकातल्या त्यांच्या लेखात मढी आणि बाल्कन प्रदेशातली देवस्थानं शेजारी शेजारी ठेवली आहेत. हेडन मुख्यतः युगोस्लाव्हियाचे अभ्यासक. शेकडो वर्षं एकत्र राहिलेली गावं चार-दोन वर्षांत कशी फुटली, हे त्यांनी बोस्नियात पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच जागी दोन धर्मांचे लोक डोकं टेकवतात म्हणून ते एकमेकांना मानतात असं समजू नये. अनेकदा कुणालाच दुसऱ्याला हुसकावता येत नाही, म्हणून दोघंही चालवून घेतात. बळाचं पारडं झुकलं की जागेचं रूपही बदलायला लागतं. घुमटाचा रंग बदलतो, चादरीच्या जागी भगवं वस्त्र येतं, विश्वस्त मंडळातली नावं बदलतात. मढीच्या कारभारावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, मुजावरांचा हक्क आणि विश्वस्तांची रचना यांवरून भांडणं झाली, हाही त्यांच्या मांडणीचा आधार होता. या सहिष्णुतेला त्यांनी वैर पोटात ठेवून केलेली सहिष्णुता म्हटलं.

लेखावर टीका भरपूर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. हिंदू आणि मुसलमान असे दोन घट्ट, कायमचे गट हेडन गृहीत धरतात. मढीच्या यात्रेत असे दोनच गट कधीच नव्हते. गोपाळांची मानाची होळी वेगळी पेटते आणि प्रत्येक जमातीचा आपला मान ठरलेला असतो. पाडव्याच्या सुमारास पैठणहून कावडीनं गोदावरीचं पाणी येतं, त्या कावडीवाल्यांचा मान आणखी वेगळा. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी इथे नवस केला आणि पुढे गडाचं बांधकाम झालं, अशी परंपरा आहे. त्या बांधकामाला दगड वाहिले म्हणून आम्हाला हा मान मिळाला, असं जमाती सांगतात. आपला हक्क घामातून आला, ही त्यामागची भावना. तो कुणाच्या उदारपणातून आलेला नाही.

या भागातल्या धार्मिक वैविध्याचा उलगडा होतो तो इथेच. ते प्रेमावरही चाललं नाही आणि नुसत्या नाइलाजावरही नाही. ते मानपानावर, वहिवाटीवर आणि जमिनीवर चाललं. सवारी कुणी उचलायची, संदलच्या मिरवणुकीपुढे हलगी कुणी वाजवायची, पहिला नैवेद्य कुणाचा, देवाच्या दिव्याचं तेल कुठल्या शेतातून यायचं, हे ठरलेलं होतं. ठरलेलं होतं म्हणून त्यावरून भांडताही येत होतं, आणि भांडण मिटवताही येत होतं.

बीड शहराच्या इतिहासात ही व्यवस्था जागोजागी दिसते. तुघलकांच्या काळात या गावावरून फौजा गेल्या. महंमद तुघलकाचा किडका दात इथे पडला आणि तो समारंभानं पुरून त्यानं वर घुमट बांधवला, अशी नोंद फरिश्ता करतो. त्या दाताची कबर बीडजवळ करजणीच्या शिवारात दाखवतात. कंकालेश्वराचं जलमंदिर त्याहून जुनं. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, खजाना विहीर खोदली गेली. तिचं श्रेय सलाबतखानाला देतात आणि काम राजा भास्करनं केलं असं सांगतात. डोंगरावरच्या खंडोबाच्या देवळाचं आणि त्यासमोरच्या उंच दीपमाळांचं बांधकाम निजामाच्या पदरी असलेल्या सुलतानजी निंबाळकरांच्या नावावर आहे. नाव सुलतानजी, कुलदैवत खंडोबा, धनी निजाम. अठराव्या शतकातल्या बीडमध्ये याचं कुणाला नवल वाटल्याचं दिसत नाही.

मन्सूरशहांची गोष्ट याहून लांबवर पोहोचते. बीडच्या या सूफी साधूला महादजी शिंदे गुरू मानत. दिल्लीच्या बादशहाला आपल्या संरक्षणाखाली घेणारा हा सरदार स्वतः कृष्णभक्त होता आणि पदंही रचायचा. मन्सूरशहांनी त्याला भाकरीचा तुकडा दिला आणि दिल्ली तुझी झाली म्हणून सांगितलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, याची चर्चा बाजूला ठेवली तरी तिचे परिणाम खरे आहेत. बीडमध्ये मन्सूरशहांचा दर्गा आहे. इथून हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या ग्वाल्हेरात, गोरखी महालात, शिंदे घराणं आजही त्यांचा उरूस करतं. महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला वारले. संस्थान गेलं, तनखे गेले, घराण्यातली माणसं वेगवेगळ्या पक्षांत गेली, पण उरूस चुकला नाही.

शेख महंमदांचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं. त्यांच्या घराण्याचे धागे आजच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि वाहिरा या गावांशी जोडले जातात. समाधी श्रीगोंद्याला आहे. सतराव्या शतकात त्यांनी ‘योगसंग्राम’ रचला. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना मानत आणि श्रीगोंद्यात त्यांना मठ-जमीन मालोजीराजांनी दिली, असं परंपरा सांगते. याच मालोजींनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस करून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचं काव्य संपादित करून छापलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचलं. मूर्तिपूजेवर आणि पोटभरू गुरूंवर सडकून टीका करणारा आणि तरीही विठ्ठलाचं नाव घेणारा हा कवी कुठल्या खान्यात घालावा, हा प्रश्न अभ्यासकांना अजून पडतो. ब्रातिस्लाव्हाच्या कोमेनियस विद्यापीठातले स्लोव्हाक संशोधक दुशान देआक मराठी शिकून या गावांतून फिरले. शेख महंमद, चांद बोधले, शहादत्त अशा संतांच्या परंपरा त्यांनी पोथ्यांमधून आणि लोकांच्या तोंडून गोळा केल्या. श्रीगोंद्याच्या देवस्थानावरूनही अलीकडे मंदिर की दर्गा, ट्रस्ट की वक्फ, असा वाद पेटला आणि २०२५ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले.

मात्र या परंपरेतल्या सगळ्याच गोष्टी गोड नाहीत. अंबाजोगाईचे दासोपंत हे त्याचं ठळक उदाहरण. दत्तभक्त, प्रचंड ग्रंथकार, कापडाच्या लांबलचक पासोडीवर वेदान्त लिहून ठेवणारा हा माणूस. त्यांच्या बालपणाची कथा अशी: दुष्काळात सारा थकला, म्हणून बीदरच्या दरबारानं देशपांड्यांच्या या मुलाला ओलीस ठेवलं. मुदतीत पैसे आले नाहीत तर त्याला मुसलमान करणार असं ठरलं. अखेरीस दत्त पाडेवाराचं, म्हणजे गावच्या चाकराचं, रूप घेऊन आले आणि रक्कम भरून गेले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या कथेशी तिचं नातं उघड आहे. तिथेही राजा बीदरचा आणि पैसे भरणारा देवच. या कथेत धर्मांतराची भीती स्पष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्याचं कारण नाही. पण कथेतला राजा पैसे मिळताच मुलाला सन्मानानं सोडतो आणि देवाचं दर्शन झालं म्हणून गहिवरतो, हेही त्याच कथेत आहे. देआक यांनी बीदरभोवतीच्या अशा मराठी कथा एकत्र वाचल्या. सत्तेची भीती, सत्तेशी व्यवहार आणि सत्तेलाही भक्तीच्या कक्षेत ओढण्याची धडपड अशा तिन्ही गोष्टी त्यांत एकत्र आढळतात.

याच काळात पैठणला एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांना समोरासमोर उभं करून एक संवाद रचला. दोघं एकमेकांच्या देवधर्माची यथेच्छ टिंगल करतात, हमरीतुमरीवर येतात आणि शेवटी समजुतीला पोहोचतात. एलिनॉर झेलियट यांनी तो इंग्रजीत नेला. सोळाव्या शतकात समोरच्याच्या तोंडावर त्याच्या धर्माची खिल्ली उडवून परत एकत्र बसता येत होतं, निदान तसं बसता येईल अशी कल्पना तरी करता येत होती.

त्याही मागे जायचं तर गोदाकाठी, गेवराई तालुक्यातल्या पांचाळेश्वराला जावं लागतं. महानुभावांचं हे आत्मतीर्थ. तेराव्या शतकातल्या चक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त गोळा झाल्या. बाजारात, ओट्यावर, नदीच्या घाटावर मराठीतून झालेली ही बोलणी. ख्रिश्चन ली नोवेत्स्की यांनी २०१६ मधल्या आपल्या ग्रंथात ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांच्या आधारानं दाखवलं, की जात, स्त्री आणि मोक्षाचा अधिकार यांवरची चर्चा तेव्हा रोजच्या भाषेत, चारचौघांत आली. समता आली असा दावा त्यांनी केलेला नाही. विषमतेवर उघड बोलण्याची जागा तयार झाली, एवढंच त्यांचं म्हणणं आहे, आणि ते थोडं नाही.

महानुभाव पोथ्या वाचण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं त्यांत यू. म. पठाण हे मोठं नाव. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एका पंथाच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या त्या पंथाबाहेरच्या, मुसलमान घरात जन्मलेल्या अभ्यासकाला मठांनी दाखवल्या. धार्मिक वैविध्यावरच्या संशोधनाचा विषय निघाला की मढी आणि श्रीगोंदा आठवतात. या संशोधनाची स्वतःची अशी वहिवाट मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

हिंदू-मुसलमान एवढ्यावर विषय संपवला तर बीडचं चित्र अर्धंच राहतं. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. त्यात मुसलमान सुमारे १२ टक्के, आणि बौद्धांची संख्याही लक्षणीय. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावगाड्यातलं एक मोठं अंग देवळाच्या मानपानातून बाहेर पडलं. मेलेलं जनावर ओढणं, यात्रेत डफ वाजवणं ही कामं अनेकांनी सोडली. गावाच्या लेखी हा धर्मबदलाइतकाच वहिवाटीवरचा घाव होता. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, माजलगावच्या भीमनगरात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रण झालं. त्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. भीमनगरच्या बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आणि बुद्ध येतात ते थेट घरातल्या माणसांसारखे, आणि जुन्या देवांना मागे टाकल्याचं त्या ठणकावून सांगतात. देवळांची आणि दर्ग्यांची वाटणी मोजणाऱ्या अभ्यासात हा आवाज बऱ्याचदा राहून जातो.

आजच्या बीडमध्ये धर्म सार्वजनिक जीवनात सर्वात मोठ्या आवाजात बोलतो तो दसऱ्याला, गडांवरून. भगवानबाबांनी उभा केलेला भगवानगड पाथर्डी तालुक्यात, जिल्ह्याच्या सीमेलगत. गडावरून राजकीय भाषण नको, असं तिथल्या महंतांनी २०१६ मध्ये बजावलं, तेव्हा भाजप नेत्या पंकजा मुंडे यांचा दसरा मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला, आणि पुढच्या वर्षी पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला, म्हणजे बाबांच्या जन्मगावी गेला. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला एकाच जिल्ह्यात दोन मेळावे झाले. सावरगाव घाटला मुंडे यांचा आणि नारायणगडावर मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचा. दोन्ही गड वारकरी परंपरेतले. दोन्हीकडे विठ्ठलाचं नाव, एकच टाळ, एकच अभंग. गर्दी मात्र जातीनं वाटलेली. एका धर्माच्या, एका पंथाच्या आतली ही फाळणी समजून घ्यायला हेडन यांची पारड्याची भाषा कदाचित मढीपेक्षा इथे जास्त उपयोगी पडेल.

जमिनीचा प्रश्न उरतोच. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादचं धर्मखातं, उमूर-ए-मजहबी, मशिदी-दर्ग्यांबरोबर देवळांचीही इनामं सांभाळायचं. पूजा, अजान, दिवाबत्ती, नौबत अशा सेवेसाठी जी जमीन लावून दिली ती खिदमतमाश. पुजाऱ्याकडे ती होती आणि मुजावराकडेही. ती विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कसायची आणि सेवा चालवायची. १९५४ मध्ये हैदराबादचा इनाम रद्द करणारा कायदा झाला, पण धर्मस्थळांच्या सेवेच्या जमिनींचं वेगळेपण राहिलं.

गावाबाहेरचा रस्ता चौपदरी झाला, प्लॉटिंग आलं, आणि या जमिनींवर डोळा गेला. गेल्या काही वर्षांत बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याची चारशेहून अधिक एकर जमीन, तसंच आष्टी तालुक्यातल्या देवस्थानांच्या जमिनी, बनावट आदेशांनी खासगी नावांवर चढवल्याच्या तक्रारी झाल्या आणि गुन्हे नोंदले गेले. व्यवहार करणाऱ्यांनी देव आणि पीर यांच्यात भेदभाव केल्याचं दिसत नाही. यात्रेत दुकान कुणाचं यावर ग्रामसभा गरजते, पण देवाच्या दिव्याचं शेत कुणाच्या सातबाऱ्यावर गेलं, यावर गावात क्वचितच ठराव होतो.

एप्रिल २०२५ मधल्या वक्फ दुरुस्ती कायद्यानं नुसत्या वापरावरून एखादी जागा वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली. वाद न्यायालयात चालू आहे. पण त्याचा एक परिणाम आताच दिसतो आहे. तोंडी वहिवाटीपेक्षा कागदाला किंमत आली आहे. मराठवाड्यातला हा कागद म्हणजे मुंतखब, निजामी इनाम चौकशीनंतर दिलेला उतारा. त्याची भाषा उर्दू. त्याआधीच्या सनदा फारसीत, तर गावचे जुने जमाखर्च मोडीत. ढेरे, बेंद्रे, पठाण यांच्या पिढीनं अशी दफ्तरं आणि पोथ्या संतांच्या शोधात उघडली होती. आता तीच दफ्तरं वकील उघडतात, नातेवाईक उघडतात, विश्वस्त उघडतात. हे तिन्ही प्रकारचे कागद वाचता येणारा माणूस शोधून काढायचा म्हटलं तर हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. तिथेही असे जाणकार आता मोजकेच उरले आहेत. त्यांच्यानंतर हे काम कोण शिकणार, याची सोय कुठल्याही विश्वस्त मंडळानं किंवा विभागानं अद्याप केलेली दिसत नाही.